पुण्याच्या तपकीर गल्लीतलं केबलचं दुकान : साइज नाही, लोड सांगा

आमच्या सोसायटीच्या ६२.५ केव्हीएच्या जनरेटरसाठी इथून केबल घेतली आणि पुन्हा लागली तर इथेच जाईन. स्वस्त आहे म्हणून नाही, भाव अख्ख्या गल्लीत उन्नीस-बीसच, लिस्टवर किती टक्के सोडतात एवढाच काय तो फरक. पण इथले काका आधी लोड विचारतात, मग ब्रेकर (करंट जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) कितीचा, अंतर किती, केबल जमिनीतून जाणार की भिंतीवरून, शेजारी अजून केबली आहेत का. नुसतं "३५ स्क्वेअर द्या" (म्हणजे ३५ चौरस मिलीमीटर जाडीची तार) म्हणालात तर देतील, पण तोंड वाकडं करून.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरने तेच लिहून दिलं होतं, ३५ स्क्वेअर ॲल्युमिनियम, पीव्हीसी आर्मर्ड (आत पीव्हीसीचं आवरण, बाहेरून लोखंडी कवच). म्हणे फुल लोडला ८७ अँपिअर तर लागतात, आरामात चालतंय. काकांनी कंपनीचं टेबल पुढ्यात ठेवलं, त्या केबलला हवेत ८६ अँपिअर, तेही आजूबाजूची हवा ४० डिग्री धरून, आणि आमची जाणार पश्चिमेच्या भिंतीवरून लिफ्टच्या केबलला चिकटून, म्हणजे आणखी कमी. वर ब्रेकर १०० चा! "अहो ९५ अँपिअर ओढले तर ब्रेकर गप्प बसणार आणि केबल भाजत राहणार, मग ब्रेकर लावला कशाला?" इथे कॉन्ट्रॅक्टर एकदम गार.

शेवटी ५० स्क्वेअर एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची) घेतली, पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंत आणि ही ९० पर्यंत सोसते त्यामुळे गर्दीचं, उन्हाचं सगळं वजा करूनही १०० च्या वर राहते. अंतर ४० मीटर, व्होल्टेज ड्रॉप (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) दीड टक्क्याच्या आत. कमिटीतल्या एका साहेबांना ७० च पाहिजे होती, होऊ दे खर्च! काकांनीच नको सांगितलं, एवढा जाड लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) त्या ब्रेकरच्या टर्मिनलला बसवणार कसा. आणि साडेतीन कोअर (कोअर म्हणजे आतली एकेक तार) न देता पूर्ण चार कोअर दिली, कारण साडेतीनमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, निम्म्याची म्हणजे २५ ची असते आणि सोसायटीत सगळा सिंगल फेजचा लोड, एलईडी, कॉम्प्युटर, फेज कधी सारखे राहत नाहीत, न्यूट्रलवर ताण येतोच. हे कुठलाही दुकानदार आपणहून सांगत नाही.

एक स्टार कापला तो लगसाठी. काउंटरवरच्या पोराने साधे ॲल्युमिनियमचे लग पिशवीत टाकले होते, ब्रेकरची पट्टी तांब्याची, तिथे बायमेटॅलिकच (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) लागतात. मागितल्यावर बदलून दिले पण तुम्ही बघून घ्या. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा मगच बिल द्या. कापलेला माल परत घेत नाहीत, म्हणून घरून मापताना वळणं आणि पॅनलमधला लूप धरूनच मापा. आणि गाडी गल्लीत घालू नका, टेम्पो ते पाठवतात, भाडं वेगळं.