यूव्हर्जन बायबल ॲप (मराठी) : ॲप चांगलंय, पण रोजच्या एका वचनावर थांबू नका

प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीत आता उपासनेला शास्त्र (बायबल) घेऊन येणारे कमी आणि मोबाईल उघडणारे जास्त झालेत, आणि बहुतेकांकडे हेच ॲप आहे. मी संडेस्कूलला शिकवते, महिला मंडळाचा अभ्यास पण घेते, त्यामुळे रोजच वापरते, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

आधी सरळ माहिती. ॲप पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या लाइफ चर्चने २००८ साली ते काढलं. मराठीत बायबल सोसायटीचं आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र आहे, त्यांचंच सोप्या मराठीतलं पण आहे, आणि एकदा डाउनलोड करून ठेवलं की रेंज नसलेल्या गावात प्रार्थनासभेला गेलं तरी चालतं. अक्षर मोठं करता येतं हे आमच्या वयस्कर बायकांसाठी फार मोठं काम झालंय, ज्यांनी बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सोडलं होतं त्या परत वाचायला लागल्यात. ऑडिओ आहे, वचनाला रंग देता येतो, शेजारी टिपण लिहिता येतं. एवढं सगळं व्यवस्थित चालतं, त्यात काही म्हणायचं नाही.

आता खरा मुद्दा. ॲप उघडलं की समोर आजचं वचन, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ, येतं, मागे डोंगर नाहीतर सूर्योदयाचा फोटो, खाली शेअरचं बटण. सकाळी सातच्या आत आमच्या ग्रुपवर तेच वचन पाच-सहा जणांनी टाकलेलं असतं. वचन पाठवणं चांगलंच आहे, पण त्यावर बोट ठेवलं की अख्खा अध्याय उघडतो, तो उघडतं कोण? ख्रिस्ती जीवनात ज्ञान लागतं ते इथे, आणि नेमकं इथेच आपण थांबतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, वचन ११) घ्या. कॅलेंडरवर, मगवर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे आहे, परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत हे ते वचन. आमच्या मंडळातल्या एका ताईंच्या मुलाची नोकरी गेली होती, त्यांना हे वचन इतक्या जणांनी पाठवलं की त्यांनी मनाशी धरलं, दोन महिन्यात काम होणारच. झालं नाही. मग त्या मीटिंगला यायच्याच बंद झाल्या, देवाने दिलेला शब्द पाळला नाही असं त्यांच्या मनात बसलं. नंतर घरी जाऊन आम्ही त्यांच्यासोबत तो अख्खा अध्याय वाचला, आणि आदला पण. २९ वा अध्याय म्हणजे यरुशलेमातून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र आहे. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि ते खोटं असतं. यिर्मया कळवतो की तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षं जायची आहेत. अकरावं वचन त्यानंतर येतं! म्हणजे ऐकणाऱ्यातल्या कितीतरी जणांनी परतीचा दिवस डोळ्यांनी बघितलाच नसणार, आणि तरी देव म्हणतो माझे संकल्प हिताचेच आहेत. ताई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे वाट बघायला लागणं ही शिक्षाच असते असं नाही ना." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, अध्याय वाचून त्यांनी स्वतः काढलं. आता त्या स्वतः पुढचे अध्याय विचारतात.

प्रेषित पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या, म्हणजे फिलिप्पैकरांस ४:१३ चं तेच, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो हे ते वचन. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांच्या स्टेटसला असतं, पण त्याच्या आधीच्या दोन ओळीत पौल सांगतो की उपाशी राहायला पण मी शिकलोय आणि भरपूर असताना राहायला पण, आणि हे तो बंदीत असताना लिहितो.

म्हणून ॲपमधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे तुलना. वचन निवडून तुलना दाबलं की वेगवेगळी भाषांतरं खालोखाल येतात, जुन्या वळणाच्या वाक्याचा अर्थ लागला नाही तर सोप्या मराठीतलं बघायचं. केडगावच्या मुक्ती मिशनमधे पंडिता रमाबाई साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून उतारवयात अख्खं बायबल मराठीत करत बसल्या, १९२२ ला जाण्याच्या आधी ते काम पूर्ण केलं, आणि तिथल्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. आपल्याला ते सगळं खिशात मिळालंय आणि आपण एका फोटोवर समाधान मानतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

न आवडलेलं एकच, किती दिवस सलग ॲप उघडलं हे दाखवणारा आकडा. आमच्या तरुण संघात आकडा किती झाला यावरून चढाओढ लागते, काय वाचलं ते विचारलं तर सांगता येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय ना, ज्ञान फुगवतं आणि प्रीती उन्नती करते. आणि तोच पौल कलस्सैच्या मंडळीसाठी प्रार्थना करतो की त्यांनी देवाच्या इच्छेच्या ज्ञानाने भरून जावं, ते कशासाठी, तर त्यांची वागणूक प्रभूला शोभेल अशी व्हावी. म्हणजे नुसतं माहीत असणं पौलालाही पुरेसं नव्हतं. मुलांना मी आता आकडा विचारतच नाही, कुणाची माफी मागितली का, आजीचं ऐकलं का, हे विचारते.

पाचपैकी चार स्टार. नवीन घेणाऱ्यांनी आधी वायफायवर मराठी शास्त्र डाउनलोड करा, सेटिंगमधे आकड्याची आठवण देणारं नोटिफिकेशन बंद करा, आणि एखादं पत्र सुरुवातीपासून घ्या. फिलिप्पैकरांस फक्त चार अध्याय आहेत, एका बैठकीत होतं.