फास्टनेटला परत जाताना: ठराविक पाळी की फिरती?

फास्टनेट म्हणजे इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणारी शिडाच्या बोटींची शर्यत. ती एकदा पुरी केलेली हौशी टोळी दुसऱ्यांदा निघते, तेव्हा शिडांवर आणि हवामानावर तासन्‌तास बोलते आणि पाळ्यांचा, म्हणजे कोण कधी वर बोट चालवणार आणि कोण खाली झोपणार याचा, विषय शेवटच्या बैठकीत पाच मिनिटांत उरकते. 'मागच्यासारखंच ठेवू!' मला वाटतं, आठ जणांच्या बोटीवर वाद घालायचाच तर तो इथे घालावा.

ठराविक पाळीत चौघे वर, चौघे खाली आणि दर चार तासांनी अख्खी अदलाबदल. फिरत्या पाळीतही प्रत्येकाला चार तास काम, चार तास सुटी. फक्त दर तासाला एकच जण वर येतो आणि एकच खाली जातो. झोपेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे नुसत्या कागदावरून काही ठरत नाही.

ठराविक पाळीत चौघांचं चांगलं जमतं. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चाकावर, कोण, पुढे कोण जाणार, हे विचारावं लागत नाही. मोठं शीड बदलायचं तर अदलाबदलीच्या वेळी आठही जण जागे सापडतात, ही सोय खरीच मोठी. आणि खाली गेलात की चार तास कुणी हलवत नाही. फिरत्या पाळीत मात्र दर तासाला कुणीतरी अंधारात ओले कपडे चढवत धडपडतं आणि झोपलेल्याच्या अंगावर पाय देतं. ज्याची झोप सावध, त्याला हा छळच.

तरीही माझं मन ठराविक पाळीवरून उडालं, ते मध्यरात्रीच्या अदलाबदलीमुळे. लँड्स एंड, इंग्लंडचं नैऋत्य टोक, मागे पडलंय, समोरून वारा, लाटा उंच. वरच्या चौघांना आता कुठे कळलेलं असतं की कोणत्या लाटेला सुकाणू किती सैल सोडायचं. नेमके तेच खाली जातात आणि झोपेतून उठलेले चौघे वर येतात. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं तरी लागतात, ती चौघांचीही एकदमच. जिन्यावर फलाटासारखी चढउतार, 'वारा कसाय?' 'बराय,' आणि झाली बोट सुपूर्द. मी वेगाची नोंद काही ठेवली नाही, पण बोट जडावलेली हाताला कळायची. वर सकाळी 'तुमच्या पाळीत' आणि 'आमच्या पाळीत' सुरू, म्हणजे एका बोटीत दोन संघ.

फिरत्या पाळीत नव्याने आलेला एकटाच आंधळा असतो, बाकी तिघांना समुद्र पाठ असतो. तासभर तो शिडाच्या दोरावर बसतो, मग सुकाणू घेतो. बोटीला अदलाबदल जाणवतही नाही, निदान आम्हाला तरी जाणवली नाही. पहिल्या रात्री समुद्र लागलेल्यांचंही तसंच. २०२३ च्या शर्यतीत सुरुवातीलाच वादळी वारा लागून कित्येक बोटींनी माघार घेतली होती. अशा रात्री एकाच पाळीतले तिघे आडवे झाले, तर ठराविक तक्ता तिथेच कोलमडतो. फिरत्यात दोन नावं पुढेमागे केली की भागतं.

आणखी एक. २०२१ पासून शर्यतीचा शेवट इंग्लंडमधल्या प्लायमथऐवजी फ्रान्समधल्या शेरबूरला आहे, एकूण ६९५ सागरी मैल. संथ बोटीला जवळजवळ एक रात्र जास्त, आणि तीही ऑल्डर्नी बेटाजवळच्या जोरदार प्रवाहात, सगळे थकलेले असताना. तिथे चार ताजे आंधळे मला नको आहेत.

निम्मे गडी नवखे असतील तर ठराविक पाळी कदाचित बरी. एकाच माणसाच्या हाताखाली शिकता येतं. पण परत जाणाऱ्या टोळीत असे फार नसावेत. फिरती घेतलीत तर रात्रीचे दोन भरवशाचे सुकाणूवाले तक्त्यात चार तासांच्या अंतराने घाला, म्हणजे कुणीतरी एक कायम वर राहील. आठाऐवजी नऊ जण असाल आणि नॅव्हिगेटरला, म्हणजे मार्ग आखणाऱ्याला, तक्त्याबाहेर ठेवता आलं तर फारच छान, मग आठवं नाव स्वयंपाक्याचं. उठवताना पायाला हात लावून उठवायचं, तोंडावर टॉर्च मारायचा नाही, हे मात्र निघण्याआधीच सगळ्यांना बजावून ठेवा.