आठ महिने परदेशात, फोटो एका शेअर्ड अल्बममध्ये

विषुववृत्ताजवळच्या एका देशात कामानिमित्त आठ महिने राहिले. पहिले दोन महिने घरच्यांना फोटो थेट चॅटवर पाठवले, पुढचे सहा महिने क्लाउडवरच्या शेअर्ड अल्बममध्ये. आता विचाराल तर अल्बमच.

कारण घडलं ते मुंग्यांमुळे. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरतात आणि त्यांच्या रेशमाने पानांच्या कडा जोडतात. ऐन शिवण चालू असतानाचा फोटो मला मिळाला. माझ्या स्क्रीनवर तो पांढरा धागा स्वच्छ दिसत होता. आईकडे पोचेपर्यंत फोटो आकसला, धागा नाहीसा झाला आणि मुंग्यांचे नुसते तांबडे ठिपके उरले. फार वाईट वाटलं. तोच फोटो मूळ दर्जात अल्बममध्ये टाकला, तेव्हा तिने झूम करून अळ्यासुद्धा शोधल्या. चॅटवरच पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

माझ्याकडून एक चूक झाली. तिथे पोचल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बदलायचं राहून गेलं. फोनचं आपोआप बदललं होतं. अल्बम वेळेनुसार फोटो लावतो, त्यामुळे संध्याकाळचा पाऊस सकाळच्या उन्हाआधी येऊन बसला. साडेतीनशे फोटोंच्या वेळा एकगठ्ठा सरकवण्यात एक आख्खा रविवार गेला. विमानातून उतरल्याबरोबर हे काम करा.

दमट हवेचा त्रास मात्र रोजचा. एसी खोलीतून बाहेर पडलं की गार लेन्सवर लगेच वाफ धरते. पुसत बसू नका, पुसली तरी पुन्हा धरते. कॅमेरा चेन लावलेल्या बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायचा. रात्री तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवत होते, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरायची भीती. संध्याकाळच्या फोटोंसाठीही आधीच तयार राहावं लागतं. तिथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश 20-25 मिनिटांत संपतो.

लिंक ज्याच्या हाती पडेल तो अल्बम पाहू शकतो, म्हणून लोकेशन बंद ठेवलं. राहत्या घराचे फोटो त्यात टाकलेच नाहीत.

सुरुवातीला मी एकेका वेळी शंभर-दीडशे फोटो टाकायचे आणि कोणी काही बोलायचं नाही. मग आठवड्याला पंधरा ठरवले आणि प्रत्येकाखाली त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहू लागले. त्यानंतर प्रश्न यायला लागले. झाडाच्या बुंध्याशी भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या मुळांचा फोटो होता, शेजारी उंचीचा अंदाज यावा म्हणून मी उभी. त्याखाली बाबांनी विचारलं, "आत पोकळ असतं का गं?" दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेले, मुळावर थाप मारून पाहिली आणि त्यांना उत्तर लिहिलं.