रोलरकोस्टर टायकून क्लासिक, आठ महिन्यांनंतर: कोस्टरपेक्षा झाडूवाला महत्त्वाचा

गणपतीच्या सुट्टीत सेलमध्ये 'रोलरकोस्टर टायकून क्लासिक' हा राइडवाला पार्क बांधून चालवायचा गेम घेतला, त्याला आता आठ महिने झाले. घेतला मुलीसाठी. ती सातवीत आहे आणि खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रो या रोलरकोस्टरवर बसून आल्यापासून तिला स्वतःचा कोस्टर बांधायचा होता. आता रात्री साडेअकराला "एवढा ऑक्टोबर संपू दे, मग झोपते" असं म्हणत लॅपटॉपसमोर बसलेली असते ती मी.

आधी भावाच्या कॉम्प्युटरवर 'प्लॅनेट कोस्टर' खेळून बघितला होता, 2016 चा. दिसायला फार देखणा. आपल्याच कोस्टरमध्ये बसून फेरीही मारता येते. पण त्यात भिंती, छपरं, खांब सगळं तुकड्या-तुकड्यांनी जोडता येतं आणि नवशिक्याचा जीव तिथंच गुंततो. आम्ही मायलेकींनी एका आइस्क्रीमच्या दुकानाच्या छपरात अख्खी दुपार घालवली. पार्क चालवायचा असतो हे तोवर विसरूनच गेलो होतो. शिवाय माझा लॅपटॉप सहा वर्षांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तिथं तो गेम चालणं शक्यच नव्हतं.

क्लासिक हा खरं तर दोन जुन्या गेमचा जोड आहे. ख्रिस सॉयर यांचा पहिला रोलरकोस्टर टायकून 1999 चा, दुसरा 2002 चा. दोन्हींतले पार्क एकत्र करून आधी मोबाइलवर आणि 2017 मध्ये कॉम्प्युटरवर हा आला. पहिला गेम सॉयर यांनी जवळजवळ सगळा असेम्ब्ली भाषेत, म्हणजे थेट यंत्राला कळणाऱ्या बारीकसारीक सूचनांच्या जवळ जाणाऱ्या भाषेत, लिहिला होता. आजच्या प्रोग्रामरला हे सांगितलं तर तो कानाला हात लावेल. पार्कात शेकडो माणसं फिरतात, प्रत्येकाची भूक, तहान, खिशातले पैसे वेगळे, आणि तरी माझा लॅपटॉप तापत नाही.

पहिला पार्क 'फॉरेस्ट फ्रंटियर्स'. पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पार्कात 250 लोक हवेत आणि रेटिंग किमान 600 हवं, एवढीच अट. गेममधलं वर्ष मार्चला सुरू होतं आणि ऑक्टोबरला संपतं, हिवाळा मधून गायबच. गेम विलायतेतला, तिकडे थंडीत पार्कांना कुलूप लागतं. आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू व्हायच्या वेळेला यांचं दुकान बंद!

ही सोपी अट आम्ही दोनदा हरलो. पहिल्यांदा जवळचे सगळे पैसे एकाच कोस्टरवर उधळले म्हणून. प्रत्येक राइडला तीन आकडे मिळतात: मजा, तीव्रता आणि मळमळ. आमच्या कोस्टरची तीव्रता अकराच्या वर गेली होती. लोक दारापर्यंत यायचे, "हे माझ्यासाठी जरा जास्तच आहे" असा विचार करायचे आणि परत फिरायचे. खजिन्यात खडखडाट, म्हणून दुसरं काही बांधता येईना. मग कळलं की वेगात घेतलेलं सपाट वळण माणसाला बाजूला फेकतं, तेच वळण तिरकं केलं की तीव्रता उतरते आणि मजा वाढते. नवीन खेळणाऱ्याने पहिल्या वर्षी कोस्टरच्या नादी लागू नये. घोड्यांचं मेरी-गो-राउंड आणि दोन-चार छोट्या राइड टाकाव्यात, उरलेले पैसे हातात ठेवावेत.

दुसऱ्यांदा का हरलो ते मात्र पटकन कळेना. राइड चांगल्या होत्या, गर्दी होती, आणि रेटिंग घसरत होतं. उत्तर मुलीमुळे मिळालं. या गेममध्ये पार्कातल्या कुठल्याही माणसाला आपण नाव देऊ शकतो. तिने एकाचं नाव नानाकाका ठेवलं (इंग्रजी अक्षरांत) आणि त्यांच्या माहितीची खिडकी स्क्रीनवर उघडी ठेवून दिवसभर त्यांच्या मागे फिरली. नानाकाका एका राइडवरून उतरले, मळमळायला लागलं, वाटेतच ओकले. पुढे शौचालय सापडेना. मग तीच घाण वाट तुडवत परत आले. "ही वाट किळसवाणी आहे" हे वाक्य त्यांच्या डोक्यात तीनदा उमटलं, आणि ते घरी जायला निघाले. आणि आमचे तीन सफाई कामगार? तिघंही लांब कुंपणापाशी गवत कापत होते.

माझ्या मते गेमचं मर्म या झाडूवाल्यात आहे. तो झाडतो, कचरापेट्या रिकाम्या करतो, फुलझाडांना पाणी घालतो आणि गवतही कापतो. नेमल्याबरोबर त्याच्या यादीतून गवत कापणं काढून टाकायचं आणि फिरण्याची हद्द आखून द्यायची. पोट ढवळणाऱ्या राइडच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर एक माणूस कायमचा. एवढं केल्यावर तिसऱ्या खेपेला आम्ही सप्टेंबरमध्येच 250 पार केले, तेही एकही मोठा कोस्टर न बांधता. वाटांचंही तसंच. ऐसपैस दिसतात म्हणून मी रुंद चौक केले होते. पण माणसं प्रत्येक फाट्यावर नवी दिशा निवडतात आणि रुंद रस्त्यावर प्रत्येक चौकोन हाच फाटा ठरतो. बिचारी तिथंच घुटमळत राहतात. एकपदरी वाट बरी.

एकदा अपघातही झाला. रांग लवकर हलावी म्हणून कोस्टरवर दोन गाड्या सोडल्या होत्या. स्टेशनाचे ब्रेक निकामी झाले आणि उभ्या गाडीवर मागून दुसरी येऊन आदळली. माणसं मेल्याचा संदेश आला तेव्हा मुलगी खरोखर गप्प झाली. नंतर त्या राइडकडे कोणी फिरकेना, शेवटी पाडावी लागली. तेव्हापासून मेकॅनिक तपासणीची वेळ मी दहा मिनिटांवर ठेवते, आणि स्टेशनात शिरण्याआधी एक छोटा चढ देते, म्हणजे ब्रेक गेले तरी गाडी हळूच आत येते.

पैशांबद्दल एक लबाडी सांगून ठेवते. पाऊस सुरू झाला की छत्रीचा भाव वाढवायचा. लोक मुकाट देतात. मुंबईत स्टेशनाबाहेर जूनमध्ये छत्र्या घेतलेल्या कोणालाही हे शिकवावं लागणार नाही. बुलफ्रॉग कंपनीच्या 1994 च्या 'थीम पार्क' या गेममध्ये तर फ्राइजवर मीठ वाढवून थंड पेयांचा खप वाढवता यायचा, म्हणजे ही परंपरा जुनीच!

आता कुरकुर. कॉम्प्युटरवर खेळतानाही बटणं मोबाइलची वाटतात, ठळक आणि बोटाच्या मापाची. राइडमध्ये बसून दिसेल तसं दृश्य नाही, चार कोनांतून वरून बघायचं एवढंच. मुलीचा त्यावर अजून राग आहे, तिला पायाखाली फळी नसलेली नायट्रो आतून बघायची होती. बिनफळीचा कोस्टर यात बांधता येतो, बसता मात्र येत नाही. रूळ टाकताना "आधाराच्या मानाने फार उंच" असा नकार इतक्यांदा येतो की पहिल्या महिन्यात मी वैतागून गेम बंद करायचे.

तिसऱ्या महिन्यात ओपनआरसीटीटू उतरवून घेतलं. हे याच गेमचं हौशी लोकांनी बनवलेलं रूप, फुकट आणि खुलं आहे. फक्त मूळ दुसऱ्या रोलरकोस्टर टायकूनच्या किंवा क्लासिकच्या फायली आपल्याकडे लागतात. वेळ पळवता येते, घरातल्या दोन लॅपटॉपवरून एकाच पार्कात काम करता येतं. मी सध्या त्यातच असते. पण सुरुवात साध्या क्लासिकमध्येच करा, कारण ओपनआरसीटीटूमध्ये पर्यायांची यादी बघूनच गांगरायला होतं. जरा नव्या रूपातलं हवं असेल तर 2018 चा 'पार्किटेक्ट' बघा. त्यात दुकानांचा माल कामगार मागच्या वाटेने नेतात आणि तो लोकांना दिसला तर त्यांचा मूड जातो. मला तो आवडला, लॅपटॉपला नाही आवडला.

नव्वदहून जास्त पार्क आहेत, आमचे अकरा झाले. सध्या 'एव्हरग्रीन गार्डन्स'मध्ये अडकलोय. बागा सुंदर, वाटांचं मात्र जाळं, आणि चौथ्या वर्षाअखेर 1000 लोक हवेत. मी रोज थोड्या वाटा उखडते, कुठे 'प्रवेश बंद'ची पाटी लावते. मुलीने प्रत्येक पार्कात असतात तसे इथेही एक नानाकाका नेमलेत. काल रात्री ते चौथ्यांदा त्याच झुडपाच्या वळणाशी येऊन उभे होते, हातात महागाची छत्री घेऊन, आणि पाऊस केव्हाच थांबला होता.