लांब पल्ल्याच्या राइडवर सायकल कॅमेरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: पुढे हँडलबारवर एक अ‍ॅक्शन कॅमेरा, मागे सीटपोस्टवर दिवा-कॅमेरा, म्हणजे लाल दिवा आणि कॅमेरा एकाच डबीत. आठ महिने, बहुतेक राइड १०० ते ३०० किलोमीटरच्या. पाऊस, रात्र, उखडलेले रस्ते सगळं त्यात आलं. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही. मॉडेल वर्षभरात जुनं होतं, अडचणी मात्र त्याच राहतात.

कॅमेरा घेताना सगळे आधी ४के आहे का, सेकंदाला ६० फ्रेम मिळतात का ते बघतात. लांब राइडसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: चार्जिंगची वायर लावलेली असताना, पाऊस चालू असताना, हा कॅमेरा रेकॉर्डिंग करत राहतो का? बरेच दिवा-कॅमेरे वायर लावली की रेकॉर्डिंग बंद करून नुसते चार्ज होत बसतात. काही अ‍ॅक्शन कॅमेरे रेकॉर्ड करतात, पण वायरसाठी बॅटरीचं झाकण उघडं ठेवावं लागतं आणि तिथेच त्यांचं वॉटरप्रूफपण संपतं. खोक्यावरचा आयपी६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा झाकणं बंद असतानाचा असतो. या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं तर बाकीचे गुण दोन तासांच्या राइडपुरतेच कामाचे.

आता विजेचा हिशेब, कारण सगळं घोडं इथेच अडतं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची १७२० एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम साडेसहा वॉट-तास. रेकॉर्डिंग करताना कॅमेरा ४ ते ५ वॉट खातो, म्हणजे बॅटरी दीड तासाची. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, पण व्होल्टेज वाढवण्यात काही वाया जाऊन कॅमेऱ्यापर्यंत साधारण ३० पोहोचतात. म्हणजे सहा-साडेसहा तास. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते, त्यामुळे पूर्ण राइड सलग रेकॉर्ड करायची तर २०,०००ची बँक हवी. ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. तिथे सलग रेकॉर्डिंगचा आग्रह धरला तर फक्त पुढच्या कॅमेऱ्यासाठी १८० वॉट-तास, म्हणजे २०,०००च्या तीन बँका, किलोभर वजन. इतकं ओझं वाहण्यात अर्थ नाही. ६०० आणि त्यापुढे मागचा कॅमेरा चालू आणि पुढचा फक्त वाहतुकीच्या पट्ट्यात, एवढंच परवडतं.

डायनॅमो हबकडून, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या वीज बनवणाऱ्या हबकडून, फार आशा ठेवू नका. हब ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो. ताशी २० किलोमीटरला चार्जरमधून अडीच-तीन वॉट मिळतात, चढावर वेग पडला की जवळजवळ काहीच नाही, आणि रात्री पहिला हक्क दिव्याचा. मध्ये पॉवर बँक ठेवून दिवसा तीत भर घालायला हब चांगला, थेट कॅमेऱ्याला जोडायला नाही.

बॅटरी काढून कॅमेरा थेट वायरवर चालवला की तो कमी तापतो, हे खरं. सगळे कॅमेरे तसं चालत नाहीत, आणि खड्ड्यात वायर क्षणभर हलली तरी कॅमेरा बंद पडून शेवटची फाइल खराब होते. बॅटरी आतच राहू द्या. वायर ९० अंशात वळलेल्या टोकाची घ्या, कॅमेऱ्यापासून चार बोटं अंतरावर स्टेमला वेल्क्रोने बांधा आणि मधे थोडी ढील ठेवा, म्हणजे ओढ पोर्टवर येत नाही. यूएसबी-सीचं टोक हजारो वेळा काढघाल सोसतं, पण बाजूने सतत हादरे बसले तर काही महिन्यांत ढिलं होतं. चार्जिंग मधूनच तुटायला लागलं की आधी वायर बदलून पाहा, कॅमेऱ्यावर संशय नंतर.

तापण्याचा त्रास चालत्या सायकलवर फारसा नाही, वारा लागत असतो. चहाला थांबलं, सायकल उन्हात उभी आणि रेकॉर्डिंग चालू, की दहा-पंधरा मिनिटांत कॅमेरा गरम होऊन स्वतःच बंद पडू शकतो. मग पुढचे पन्नास किलोमीटर तो चालूच आहे अशा समजुतीत जातात. थांबलात की बंद करा. निघताना चालू करून लाल दिवा डोळ्यांनी बघा, नुसत्या बीपवर विसंबू नका.

कार्डाबद्दल. वेगापेक्षा टिकाऊपणा बघा. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट, आणि व्ही३० कार्ड किमान ३० सांभाळतं, त्यामुळे त्याहून वेगवान कार्डाचे पैसे वाया. खरी झीज पुन्हापुन्हा लिहिण्यातून होते. १०८०पी, ३० एमबीपीएसला तासाला साडेतेरा जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड साडेनऊ तासांत भरतं आणि लूप रेकॉर्डिंग जुन्यावरून लिहायला लागतं. डॅशकॅमसाठी बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं यासाठीच असतात. ४केला हेच १२८ जीबी पावणेतीन तासांत संपतात. नवीन कार्ड आलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड आपली क्षमता खोटी सांगतं, आणि ते कळतं राइड संपल्यावर. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

लूपमधला एक सापळा फार जणांना माहीत नसतो. धक्का बसला की ती फाइल ‘लॉक’ करायची सोय जी-सेन्सरवर, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर, चालते. ती गाडीच्या हिशेबाने बसवलेली असेल तर सायकलवर प्रत्येक खड्डा तिला अपघात वाटतो. लॉक झालेल्या फाइल पुसल्या जात नाहीत, त्या साठत जातात, कार्ड भरतं आणि रेकॉर्डिंग थांबतं. सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर ठेवा. खराब रस्त्यांवर तोही पुरत नाही, तिथे सरळ बंद करून लॉकचं बटण हाताने दाबलेलं बरं. फाइलची लांबी तीन ते पाच मिनिटं ठेवा, एखादी खराब झाली तरी नुकसान तेवढंच.

आता नंबर प्लेट. कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात खरं कारण हेच असतं आणि अपेक्षाभंगही इथेच होतो. १२० अंशांच्या रुंद लेन्सवर १०८०पीचे १९२० पिक्सेल पसरले की ढोबळमानाने एका अंशाला १६ येतात. अर्धा मीटर रुंदीची प्लेट १० मीटरवर सुमारे २.९ अंश भरते, म्हणजे ४६ पिक्सेल. त्यात आठ-दहा अक्षरं. एका अक्षराला पाच पिक्सेल मिळाले तर ते वाचता येत नाही. ५ मीटरवर जेमतेम जमतं. ४के घेतलं की ही अंतरं दुप्पट होतात, आणि ४के घ्यायचं खरं कारण तेवढंच. लेन्सचा कोन ‘वाइड’वरून ‘लिनियर’ किंवा ‘नॅरो’वर आणला तरी तसाच फायदा होतो, तोही फुकट. मात्र बाजूने घासून जाणारं वाहन चौकटीबाहेर राहायची शक्यता वाढते.

दुसरा शत्रू अंधार. उजेड कमी झाला की ऑटो शटर १/३० सेकंदापर्यंत उतरतं. सायकल ताशी २५ने आणि समोरची गाडी ६५ने येत असेल तर दोघांमधला वेग ९०, म्हणजे एका फ्रेममध्ये गाडी ८० सेंटीमीटरहून जास्त सरकते. लांब असते तोवर ती सरळ आपल्याकडे येत असते, त्यामुळे फरक जाणवत नाही. वाचण्याइतकी जवळ येऊन बाजूने निघते तेव्हा मात्र प्लेटचा नुसता पट्टा उरतो. मागून ओव्हरटेक करणाऱ्या गाडीशी फरक ४०चाच, फ्रेमला ३७ सेंटीमीटर. तोही थोडा नाही, पण गाडी जास्त वेळ चौकटीत राहते. एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर मागचा घ्या असं म्हणतो ते यासाठी. मॅन्युअल शटर मिळत असेल तर संध्याकाळनंतर १/२४० आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) अर्धा ते एक स्टॉप, म्हणजे एक-दोन पायऱ्या, खाली. चित्र काळपट दिसेल, दिसू दे. प्लेट दिव्याचा उजेड थेट परत फेकते आणि ऑटोवर पांढरीफटक होते.

रात्री पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर प्रत्येक लुकलुकीला मागेपुढे होतं, निम्म्या फ्रेम काळ्या आणि निम्म्या पांढऱ्या येतात.

सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र लेन्समध्ये नाही, तोंडात आहे. गाडी पुढे गेली की तिचा नंबर मोठ्याने म्हणा. रेकॉर्डिंगचा आवाज चालू असेल तर माइक ते पकडतो. वाऱ्याने आवाज फाटत असेल तर माइकच्या भोकांवर पातळ स्पंजचा तुकडा लावा, मात्र स्पीकरची भोकं आणि माइकची भोकं नीट ओळखून. लोकांचं बोलणं रेकॉर्ड करण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, तेवढं आधी बघून घ्या.

स्टॅबिलायझेशनबद्दल मत सरळ आहे: बघण्यासाठी चालू, पुराव्यासाठी बंद. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन कडा कापून चित्र स्थिर करतं, म्हणजे कोन कमी होतो, आणि अंधारात मंद शटरने आधीच पुसट झालेली फ्रेम स्थिर केली तरी पुसटच राहते. जेलीसारखं थरथरणारं चित्र स्टॅबिलायझेशनने जात नाही. ते सेन्सर ओळीओळीने वाचला जाण्यातून येतं, त्याचं औषध माउंटमध्ये आहे.

माउंटचा नियम एकच, हात जितका आखूड तितका चांगला. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा प्लॅस्टिकच्या तीन सांध्यांच्या टोकाला टांगला की तो स्वरकाट्यासारखा थरथरतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर तडा जातो तो स्क्रूच्या बुडाशी. धातूचा एकच सांधा घ्या. ३१.८ मिलिमीटरच्या हँडलबारवर क्लॅम्प बसवताना मधे जुन्या ट्यूबची पट्टी घाला, तिने घसरणंही थांबतं आणि बारीक थरथरही. अंगठ्याने पिळायचा एम५ स्क्रू खराब रस्त्यावर हमखास सुटतो. त्याजागी अ‍ॅलन कीचा बोल्ट आणि नायलॉनचा लॉकनट घाला. शिवाय कॅमेऱ्याला एक दोरी हवीच, पण ती इतकी आखूड की कॅमेरा निसटला तरी चाकाच्या आऱ्यांपर्यंत पोहोचू नये. लांब दोरी कॅमेरा वाचवेल आणि सायकलस्वाराला पाडेल.

लांब राइडवर सामान असतं, हे कॅमेरा विकणाऱ्यांच्या फोटोंत कधी दिसत नाही. हँडलबार बॅग लावली की सायकल कॉम्प्युटरखाली टांगलेल्या कॅमेऱ्यासमोर कापड येतं. मागे मोठी सॅडल बॅग असेल तर सीटपोस्टवरचा दिवा-कॅमेरा पूर्ण झाकला जातो, दिव्यासकट. बॅगेच्या पट्ट्याला कॅमेरा अडकवला तर तो प्रत्येक पायडलला डुलतो आणि चित्र बघवत नाही. चाललेले उपाय दोन: कॅरिअरच्या शेवटच्या दांडीवर माउंट, किंवा सीटच्या रेल्सना बसणारा धातूचा ब्रॅकेट, बॅगेच्या खालून निघणारा. दुसऱ्यात चाकाशी अंतर मोजून घ्या, सामानाने बॅग खाली बसते. हेल्मेटवर कॅमेरा लावू नये. दहा तास मान त्याचं वजन सोसत नाही, आणि पडताना हेल्मेटवर टणक उंचवटा असणं चांगलं नाही.

मागचा कॅमेरा थोडा खाली झुकवा. चौकटीत आकाश वरचं एक-तृतीयांशच असावं. जास्त आलं की एक्स्पोजर आकाशाला धरतं आणि रस्ता काळा पडतो.

दिवा-कॅमेऱ्याची एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. दिवा आणि कॅमेरा एकाच बॅटरीवर असतात. चार-पाच तासांत बॅटरी संपली की रात्री पाठीमागे अंधार. काही मॉडेल शेवटची थोडी बॅटरी दिव्यासाठी राखतात, पण ती पहाटेपर्यंत पुरत नाही. वेगळा टेललाइट लागतोच, आणि तो लागतच असेल तर ‘एकात दोन’चा फायदा निम्मा उरतो. बॅटरी आत बंद असते, बदलता येत नाही, आणि लिथियम बॅटरी चारशे-पाचशे चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मागेही बॅटरी बदलता येणारा साधा छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा आणि वेगळा दिवा, असंच घेऊ.

पावसात खरा त्रास लेन्सवरच्या थेंबांचा. मागचं मडगार्ड नसेल तर पंधरा मिनिटांत मागची लेन्स चिखलाने बंद. लेन्सवर पाणी न धरणारा लेप उपयोगी आहे, पण दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो. खिशात सुती रुमाल ठेवा, जर्सीने पुसू नका, वाळूचे चरे पडतात. वायर पोर्टच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवून मग वर न्या, पाणी झोळीच्या तळाशी गळून जातं. राइडनंतर झाकणाच्या रबरी कडेतली माती ब्रशने काढा, एक कण राहिला तरी पाणी आत जातं.

कॅमेऱ्याचं घड्याळ दर राइडच्या आदल्या रात्री लावा. बॅटरी पूर्ण संपली की काही कॅमेरे तारीखच विसरतात, आणि चुकीची वेळ छापलेल्या पुराव्यावर शंका घ्यायला जागा राहते.

काही घडलंच तर क्रम असा: नंबर बोला, लॉक दाबा, सुरक्षित जागी थांबून रेकॉर्डिंग बंद करा आणि कार्ड काढून दुसरं घाला. लॉकवर विसंबून तेच कार्ड चालू ठेवलं तर आधीच्या मिनिटाची न लॉक झालेली फाइल काही तासांत पुसली जाते, आणि वाद नेमका आधीच्या मिनिटाचाच असतो. घरी आल्यावर मूळ फाइल न कापता, नाव न बदलता दोन ठिकाणी उतरवा. कापाकापी करायची ती तिसऱ्या प्रतीवर. सुट्टं कार्ड डबीत घालून सीटखालच्या पिशवीत ठेवा, खिशात घामाने आणि चिल्लरने ते खराब होतं.