कुमारी ओंकार आणि १४६ बक्षिसं : आमच्या ट्रॉफीवाल्याचा रिव्ह्यू

आमच्या शाळेच्या गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभाची ट्रॉफ्या-मेडल्स जिथून केली त्या दुकानाचा रिव्ह्यू लिहितेय. दुकान पुण्यात, पेठेत, अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, एकतर झालेल्या घोळात निम्मा वाटा माझाच होता आणि दुसरं म्हणजे यावर्षीची ऑर्डरपण तिथेच दिलीय, उगाच वाकडं कशाला घ्या. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे गेला ते पुढे कळेलच.

आधी आमचं सांगते. शाळा अनुदानित, पाचवी ते आठवी. मी सहावीला विज्ञान शिकवते आणि बक्षीस कमिटी माझ्या गळ्यात आहे, म्हणजे कमिटी नावाला, काम मी आणि आमचे चित्रकलेचे सर. डिसेंबरात गॅदरिंग, गॅदरिंगच्या आदल्या शनिवारी बक्षीस समारंभ. बजेट दरवर्षी तेच, बक्षिसं मात्र वाढत जातात, कारण पोरं आता काय काय करतात! खो-खो आहे, लेझीम आहे, कथाकथन, पाठांतर, विज्ञान प्रदर्शन, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेडवाले, सहावीच्या दोघी होमी भाभाच्या विज्ञान परीक्षेत लेखी पास होऊन प्रॅक्टिकलपर्यंत गेल्या होत्या, एकाची आयडिया इन्स्पायर मानकला (पोरांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीची सरकारी योजना) निवडली गेली आणि त्याच्या खात्यावर १०,००० रुपये जमा झाले. शिवाय वर्षभर एकही खाडा न केलेल्यांना एक बक्षीस असतं, ते मला सगळ्यात आवडतं पण ते घ्यायला पोरं लाजतात.

तर ऑर्डर अशी होती : ३८ ट्रॉफ्या, ९२ मेडल्स, १६ शिल्ड. ट्रॉफी १४० ला, मेडल ४० ला, शिल्ड ३५० ला, नावाची प्लेट त्यातच, जीएसटी वेगळा. बेरीज १४,६०० झाली, म्हणजे बरोबर शंभराला एक पडलं, ठरवून नाही, जमलं तसं. आधी दोन ठिकाणी विचारलं होतं, एकाने प्लेटचे वेगळे पैसे सांगितले आणि दुसऱ्याने सॅम्पल हातात घेऊ दिलं नाही, म्हणे काचेतून बघा. मी परत फिरले.

इथे उलट. काकांनी स्टूल दिलं, चहा सांगितला आणि दहा-बारा नग समोर मांडून ठेवले. ट्रॉफी कशी बघायची हेपण त्यांनीच शिकवलं. उलटी धरून खालचा नटबोल्ट बघायचा, तो ढिला असेल तर महिन्याभरात वरचा बाहुला गोल गोल फिरायला लागतो. मेडलच्या कडीला रिबीन नुसती चिकटवलीय का शिवलीय ते बघायचं, कारण पोरं मेडल घरापर्यंत गळ्यात घालून जातात आणि रस्त्यात एकमेकांची ओढतात. हे त्यांना विकायच्या आधी सांगायची काही गरज नव्हती.

बाहुल्यांबद्दल एक तक्रार आहे पण ती दुकानाची नाही, अख्ख्या बाजाराची आहे. ट्रॉफीवर लावायला सोनेरी बॅट्समन मिळतो, फुटबॉलवाला मिळतो, पळणारा मिळतो, बॅडमिंटनवाली मिळते. खो-खोचा खांब धरून वळणारा बाहुला मी कुठेच पाहिला नाही, लेझीमचा तर सोडाच. पुण्यात बसून हे म्हणायचं म्हणजे! शेवटी खो-खोला पळणारा लावला आणि लेझीमला स्टार. कथाकथनालापण स्टार. स्टार म्हणजे काहीच न सुचल्याची खूण.

खो-खोच्या पोरींची मेडल्स मी ९ सांगितली होती, मैदानात ९ उतरतात म्हणून. काका लगेच म्हणाले, मॅडम, बाकावर बसलेल्यांचं काय? आमच्या संघात १२ जणी. मी गप १२ केली. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या दुकानात कुणी विचारलंच नव्हतं आणि तिघींना आम्ही नंतर पेनसेट दिले होते, त्यातली एक अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता घोळ. यादी मी एक्सेलमध्ये टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवली, साधं मोबाईलवर दिसतं तसं मराठी. दुकानातला मुलगा कोरल नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि त्याच्याकडे सगळे फॉन्ट जुने, श्रीलिपीचे. माझी यादी तिथे पेस्ट केली की नुसता कचरा दिसतो, मग तो कन्व्हर्टरमधून काढतो, जे तुटतं ते हाताने परत टाइप करतो, आणि डिसेंबरात एका वेळी पंधरा-वीस शाळांच्या याद्या समोर. आत लेझरच्या मशीनचा तो अक्रिलिक जळल्याचा वास, दारापर्यंत खोके रचलेले, प्रत्येकावर मार्करने शाळेचं नाव, फोन सारखा वाजतोय. मी त्या मुलाच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी पळून गेले असते.

माल मिळणार होता गुरुवारी संध्याकाळी, मिळाला शुक्रवारी रात्री साडेनऊला. कार्यक्रम शनिवारी सकाळी दहाला. मी आणि सर स्टाफरूममध्ये खोके उघडून बसलो, एक जण यादी वाचतोय, एक जण प्लेट. पहिल्या पाच मिनिटांतच सरांनी एक ट्रॉफी उचलली आणि काहीच न बोलता माझ्यासमोर ठेवली. 'कुमारी ओंकार.' मी यादीत सगळ्यांपुढे 'कु.' लावलं होतं, आपल्याकडे मुलगा असो की मुलगी, कु. लागतंच. ऑपरेटरने ते सुटसुटीत दिसावं म्हणून फुल फॉर्म केला, आणि तो एकाच मापाने सगळ्यांना. म्हणजे सगळ्यांना नाही, जिथे जागा होती तिथे. असे चार मुलगे कुमारी झाले होते.

बाकीचे : 'ज्ञानदा'ची 'द्न्यानदा' झालेली. 'ऋग्वेद'चा 'रुग्वेद'. सार्थकचा रफार एक घर पुढे सरकून 'साथर्क'. इन्स्पायर 'मानक'चं त्याने सुधारून 'मानद' केलेलं, बिचाऱ्याला वाटलं असेल बाईंची टायपिंग मिस्टेक. आणि तीन ठिकाणी 'तृतिय', त्याबद्दल मी रागावून फोन करणार तेवढ्यात सरांनी माझीच यादी दाखवली. तीनही ठिकाणी मीच ऱ्हस्व केलं होतं. एकूण ११ चुका, त्यातल्या तीन सरळसरळ माझ्या, आणि चार 'कु.'वाल्यांमध्ये मला अर्धे मार्क द्यायला हरकत नाही.

रात्री पावणेअकराला फोन केला. उचलला. एवढ्यासाठीच एक स्टार परत देते. काका म्हणाले, फोटो टाका, सकाळी बघतो. सकाळी आठला दुकान उघडलं आणि नऊ चाळीसला तो कोरलवाला मुलगाच स्कूटरवर हजर, खिशात पाकिटात नव्या प्लेटा आणि डबल टेप. पोर्चमध्ये उकिडवं बसून त्याने एकेक जुनी प्लेट कटरने काढली, नवी दाबून बसवली. आत पाहुणे येऊन बसलेले, बँडची पोरं उन्हात उभी. दहा बदलल्या. अकरावी, सार्थकची, घाईत दुकानातच राहिली.

सार्थकने स्टेजवर ट्रॉफी घेतली, खाली आला, वाचली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, 'बाई, लांबून बरोबरच दिसतंय.' सोमवारी प्लेट फुकट बदलून मिळाली.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं होऊन साडेतीन कसे. तर एक गोष्ट राहिलीय. आमची शाळा आठवीपर्यंतच असल्याने आठवीत दिलेल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल येऊन सत्कार होईपर्यंत ती पोरं दुसऱ्या शाळेत नववीला गेलेली असतात. मग समारंभाला ती नव्या शाळेच्या युनिफॉर्ममध्ये येतात, मागच्या रांगेत ओळखीच्या बाकावर बसतात आणि लहान पोरं वळून वळून बघतात. गेल्या वेळी एनएमएमएसला पाच जण लागले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००, आणि घरच्या उत्पन्नाची अट असते. आमच्या १४० रुपयांच्या ट्रॉफीचं त्यापुढे काय, पण ट्रॉफी घरात टीव्हीवर बसते आणि खात्यातले पैसे दिसत नाहीत.

तर त्या पाच प्लेटांसाठी मी यादीत परीक्षेचं सरकारी नाव जसंच्या तसं दिलं होतं, 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक' वगैरे पूर्ण. नोटिशीत असतं तसं कॉपी करून टाकलं, डोक्यात काही आलंच नाही. माल यायच्या आधीच, मंगळवारी दुपारी तासाला असताना काकांचा फोन, दोनदा कट केला, तिसऱ्यांदा बाहेर येऊन उचलला. म्हणाले, 'मॅडम, रागवू नका, पण हे आर्थिक दुर्बल घटक ट्रॉफीवर लिहायचंच का? पोरगं घरी नेणार, पाहुणेरावळे बघणार. शिष्यवृत्तीधारक लिहू का नुसतं?'

मी व्हरांड्यात उभी. बी.एड. माझं, बक्षीस कमिटी माझी, आणि हे सुचलं प्लेटा छापणाऱ्याला. म्हटलं, हो काका, तेच लिहा. त्या पाचही प्लेटा बिनचूक आल्या. 'एनएमएमएस शिष्यवृत्तीधारक', खाली नाव, खाली वर्ष. माझ्या लेखी यादीतल्या शुद्धलेखनापेक्षा हे अवघड होतं. म्हणून साडेतीन, आणि नावं नीट आली असती तर पाच दिले असते.

सर्टिफिकिटंपण तिथूनच केली, २१०, ३०० जीएसएमच्या जाड कार्डावर, १२ रुपयाला एक. कागद चांगला, सोनेरी बॉर्डर जरा लग्नपत्रिकेसारखी. नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली होती आणि ती सरांनी कट निबच्या पेनने हाताने भरली, आठवडाभर मधल्या सुट्टीत बसून. २१० मध्ये एक चूक नाही. सरांना पोरं नावानिशी माहीत आहेत, फॉन्टला नाहीत.

मेडलचं पॉलिश आता वर्ष झालं तरी टिकलंय असं पोरं सांगतात, एकदोघांचं काळपट पडलं पण ते म्हणे आंघोळीला घालून गेले होते. शिल्डचं लाकूड म्हणजे एमडीएफ, ओल लागली की फुगतं, व्हरांड्यातल्या कपाटात ठेवू नका. पार्किंग नाही, रिक्षा घेऊन जा, आणि खोके मांडीवर धरा, डिकीत टाकले की बाहुल्यांचे हात मोडतात. डिसेंबरात संध्याकाळी अजिबात जाऊ नका, सकाळी अकराच्या आत गेलात तर काका बोलायला मोकळे असतात.

यावर्षी यादी नोव्हेंबरातच दिलीय, पीडीएफ करून आणि वर सरांच्या अक्षरातल्या कागदाचा फोटोपण, जोडाक्षरांना लाल गोल केलेत. प्लेटांचा प्रूफ फोटो आल्याशिवाय छापायचं नाही असं ठरलंय. तृतीय दीर्घ केलंय. आणि सगळ्यांच्या पुढचं 'कु.' काढून टाकलंय.