चालत कुलाबा, होडीने खांदेरी, की कयाकने कर्लीची खाडी?

मागच्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. जानेवारीत दोन दिवसांची सुट्टी, सोबत अकरावीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांची आत्या. मुलाला सिंहगड-राजगडाचा कंटाळा आलाय. "समुद्रातलं काहीतरी सांग. बेटं वगैरे." मी विचारलं, "सुट्टी कोणत्या तिथीला येतेय?" तर म्हणाला, "तिथीचा काय संबंध? श्राद्ध घालायचंय का?"

संबंध आहे, आणि पुण्याच्या माणसाला तो पटकन लक्षात येत नाही. सिंहगडाला पहाटे निघा नाहीतर जेवून निघा, पायवाट असते तिथेच असते. अलिबागला सकाळी नऊला जिथून चालत जाता येतं, तिथे दुपारी तीनला होडी तरंगत असते. म्हणून किनाऱ्यालगतची बेटं चालत बघायची, होडीने की कयाकने, हे ठरवताना मी हॉटेलच्या आधी कालनिर्णय उघडतो.

कोळीवाड्यातला हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणकी तीन. पहाटे तीनच्या सुमारास एक भरती, दुपारी तीन-साडेतीनला दुसरी, आणि मधली ओहोटी सकाळी नऊ-सव्वानऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते ती यामुळेच. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात चांगला बसतो. दक्षिणेला मालवणकडे वेळ थोडी हलते, तिथे भरतीचं कोष्टक बघावं. अलिबागसाठीसुद्धा निघायच्या आदल्या दिवशी ते एकदा बघून घ्यावंच, कारण दिवसातल्या दोन ओहोट्याही एकसारख्या नसतात.

यात एक गोम आहे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पुण्याहून आरामात नाश्ता करून पोचणाऱ्यांच्या अगदी सोयीची. पण अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी पुरतं मागे हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप आत जातं, पण ओहोटीची वेळ पहाटे सहा नाहीतर संध्याकाळी सहा. मधला मार्ग म्हणजे द्वितीया ते चतुर्थी, किंवा त्रयोदशी-चतुर्दशीची दुपार. तृतीयेला साडेआठच्या सुमारास ओहोटी असते. म्हणजे पुणं पहाटे चारला सोडायचं. खोपोली, पेण, वडखळ करत दीडशेच्या आत किलोमीटर आहेत, पण उजाडल्यावर वडखळला पोचलात तर त्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

आता चालत जाण्याबद्दल. तिन्हींत माझा कल इकडे आहे हे आधीच कबूल करतो. अलिबागचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे हेच आंग्र्यांचं ठाणं. पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावरून वीस-पंचवीस मिनिटांत दरवाजाशी पोचता. पायाखाली आधी घट्ट वाळू, तिच्यावर लाटांनी काढलेल्या बारीक वळ्या, मग खडक. त्या खडकावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. मी पहिल्यांदा अनवाणी गेलो होतो, परत येईपर्यंत टाच दोन ठिकाणी कापली होती. साधी चप्पलही नको, चिखल ती ओढून घेतो. मागे पट्टा असलेली सँडल हवी.

तटाजवळ पोचल्यावर दरवाजातून लगेच आत शिरू नका. बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. फटीत बोट घातलं तर आत ओल लागते, एखादा छोटा खेकडा मागे सरकतो. होडीतून उतरून रांगेने आत जाणाऱ्याला हे बघायला मिळत नाही. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे, समोर गोड्या पाण्याची पुष्करणी. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोडं, त्याची चव घेतल्याशिवाय आमच्या घरचे कुणी परत येत नसत. आता मी नुसतं बघून घेतो. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं दिसतं. पलीकडे सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला, तिकडे जायला मधे दगडांचा बांध आहे.

धोका परतीच्या वाटेवर असतो. भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं. माणूस म्हणतो, अजून वेळ आहे, एक फोटो काढू. तिसऱ्या-चौथ्या तासात तेच पाणी सगळ्यात जोरात चढतं. एका वर्षी मी सर्जेकोटावर डबा उघडून बसलो आणि परतताना मांडीपर्यंत पाण्यातून आलो, फोन डोक्यावर धरून. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नियम केलाय, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पाण्यात उतरायचं आणि ओहोटीनंतर तासाच्या आत किल्ला सोडायचा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ओहोटीला घोडागाड्या असतात. खडकावर त्या दणादण आदळतात, कंबरदुखी असेल तर विचार करा.

होडीचं गणित वेगळं. कुलाब्याच्या उत्तरेला थळ गाव आहे, आणि थळसमोर खांदेरी-उंदेरी ही बेटांची जोडी. तिथे चालत जायचा प्रश्नच नाही. खांदेरीवर दोन टेकड्या आहेत, १८६७ चं दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे, आणि एक दगड आहे ज्यावर दुसऱ्या दगडाने टकटक केलं की भांड्यासारखा आवाज येतो. मुलांना नेणार असाल तर हे एवढंच पुरतं. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं गेलं, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. कुलाबा त्यात नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

होडीतून जाण्याची खरी मजा १६७९ आठवत जाण्यात आहे. महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी दोघेही अडवायला आले. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या, पण जहाज बुडाशी खोल आणि वाऱ्याच्या भरवशावर. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांनी हाकायच्या. रात्री नागावच्या बाजूने रसद घेऊन त्या बेटावर पोचायच्या, आणि पाठलाग करणाऱ्या जहाजांना किनाऱ्यालगत येता यायचं नाही. थळहून निघताना तळाशी दिसणारे खडक बघा, म्हणजे का ते कळतं. हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते होडीवाला एका खडकाला वळसा घालून गेला तेव्हा.

तोट्याची बाजूही सांगतो. थळला तिकीट काढून बसायचं असं काही गृहीत धरू नका. होडी सहसा अख्खी ठरवावी लागते, त्यामुळे आठ-दहा जण असतील तर परवडतं, चौघांना महाग पडतं. परतायची वेळ होडीवाला सांगेल ती. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि ज्यांना बोट लागते त्यांची परतीची फेरी वाईट जाते. उंदेरी बघण्याचा हट्ट धरू नका. तिथे खडकावर उडी मारून उतरावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमण्यासारखं नाही. जंजिऱ्याला राजापुरीहून होड्या सहज मिळतात, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी की समुद्रापेक्षा समोरच्याची पाठच जास्त दिसते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन होडीने जायचंच असेल तर मालवणचा सिंधुदुर्ग बरा. धक्का नीट आहे, पाऊण तास-तासाभरात फिरून होतं, आणि दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही ही गंमत कुणालाही आवडते.

मालवणपर्यंत गेलात तर कयाकचा विचार करा, पण कयाकसाठी समुद्र नको. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिची खाडी हवी. पुण्याची मंडळी पवना-मुळशीला कयाक चालवून येतात आणि आपल्याला येतं असं समजतात. धरणाच्या पाण्याला ओढ नसते. खाडीला असते, आणि ती दिवसातून चार वेळा दिशा बदलते. म्हणून भरतीच्या शेवटच्या तास-दोन तासांत निघायचं, पाण्यासोबत आत जायचं, आणि पाणी फिरलं की त्याच्यासोबत परत यायचं. उलटं केलंत तर परतीला खांदे भरून येतील. ओहोटीच्या वेळी मुखाकडे तर अजिबात जाऊ नका. बाहेर जाणारं पाणी आणि समोरून येणारा वारा तिथे भिडतात, त्या उभ्या लाटांत कयाक सांभाळणं नवशिक्याचं काम नाही. सकाळचा मतलई वाराही जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो, तो सुखद वाटतो म्हणून फसायचं नाही.

बेट म्हणून बघायला कयाकमध्ये काही मिळत नाही हे खरं. मिळतं ते वेगळंच. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांजवळ वल्हं मांडीवर ठेवून थांबलात की मिनिटाभरात चिखल हलायला लागतो. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पंखांवर रेलून पुढे सरकतात, एखादा दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो, खंड्या अगदी डोक्यावरून जातो. इंजिनाच्या होडीत हे सगळं आधीच पळून गेलेलं असतं. वल्हवायचं नसेल आणि हेच बघायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. पण पुण्याहून हा सगळा पट्टा चारशे किलोमीटरच्या घरात, दोन दिवसांच्या सुट्टीत एक दिवस रस्त्यावरच जातो.

पावसाळ्यात तिन्ही बाद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, आणि प्रवासी होड्या नारळी पौर्णिमा उलटून समुद्र शांत झाल्यावरच सुरू होतात.

आतेभावाला मी सांगितलं, मुलगा एकटा असता तर खांदेरी, तुम्ही दोघंच असता तर मालवण. आत्या आहे म्हणजे अलिबाग, तिला घोडागाडी, तुम्ही दोघं चालत. फक्त तारीख बघ. तो म्हणाला, रविवारी षष्ठी आहे. मी मनातल्या मनात गुणाकार करेपर्यंत मागून आत्याचा आवाज आला, "सहाची पाऊणकी साडेचार. म्हणजे ओहोटी साडेदहाला." मग थोडं थांबून, "पण षष्ठीला पाणी गुडघ्याएवढं राहील की रे. शनिवारी पंचमी आहे, शनिवारीच निघू."